हुस्नाबीचं गप्प बसणं

“अन् थ्या आफ्रिकेत थंडी पडते का नाही, हे कोनाले इचारलं का तुनं?” कापसाचं गाठोडं ओसरीवर आदळत सुखीबाईनं विचारलं.

हुस्नाबीनं मान वर केली नाही. कापूस पिंजायच्या धनुकलीच्या तातीवर तिचा लाकडी दस्ता पडत होता, खोलीभर कापूस उडत होता आणि तिच्या भुवया, पापण्या, पदर सगळं पांढरं झालं होतं. “परमुलूख म्हटलं का थंडीच राह्यते,” ती म्हणाली. “गोऱ्यायचे फोटो नाही पाह्यले? कानापासून कोट घालते ते.”

“पन तिथं तर काळे लोक राह्यते म्हनते.”

“मंग? काळ्यायले काय थंडी वाजत नाही?”

पलीकडे रजईला टाके घालत बसलेली हुस्नाबीची सून हमीदा हसली. दोन वर्षांत ती फार थोड्या वेळा हसली होती, म्हणून हुस्नाबीचा दस्ता क्षणभर थांबला. मग ती पुन्हा पिंजायला लागली.

पांढरकवड्यात पिंजाऱ्यांची चार घरं होती. त्यांत धनुकली हातात धरणारी बाई एकच, ती ही. बायकांनी कापूस वेचावा, गादीला टाके घालावेत, धनुकली पुरुषांची. पण हुस्नाबीचा नवरा ऐन जवानीत गेला, मांडीवर युसूफ होता, घरात म्हातारी सासू. तिनं खुंटीवरची धनुकली काढली आणि कुणाला न विचारता पिंजायला बसली. आधी लोक हसले, मग बोलले, आणि मग त्याच लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. कारण तिनं दुसरा निकाह केला नाही. सोन्यासारखं स्थळ दारात येऊनही नवऱ्याच्या नावानं बसून राहिली. त्यांच्या मोहल्ल्यात, महंमदपुऱ्यात, कुणाची पोर जरा वाकडी चालली की आई म्हणायची, “जा, हुस्नाबीचे पाय धुऊन पानी पी.” हे ऐकलं की हुस्नाबी कामाला लागायची. गाव समजायचं, बाई विनयी आहे.

युसूफ मोठा झाला, धनुकली त्यानं घेतली, वणीकडची हमीदा लग्न करून घरी आली. आईबाप नसलेली, मामाच्या घरी वाढलेली, बोलायला कमी आणि टाक्याला इतकी बारीक की गादीवर हात फिरवला तर शिवण लागू नये. दोन वर्षांमागं विषमज्वरानं युसूफ गेला. हुस्नाबीनं पुन्हा खुंटीवरची धनुकली काढली. एका घरात दोन विधवा राहू लागल्या, एक पन्नाशीची आणि एक तेवीस वर्षांची. घासातला घास दोघी एकमेकींच्या ताटात सरकवायच्या आणि शेवटी तो घास मांजर खायचं.

आणि एक दिवस हुस्नाबी स्वतःच्या पायांनी बशीर मिस्त्रीच्या दारात गेली. बशीरचं मोटारदुरुस्तीचं दुकान स्टँडजवळ होतं. त्याचा धाकटा भाऊ मेहबूब आधी इथल्याच जिनात सरकी काढायचे रेचे दुरुस्त करायचा, पुढं तीच कारागिरी घेऊन आफ्रिकेत युगांडाला गेला. तिथंही कापूस पिकतो, तिथंही जिन आहेत, हे ऐकून गावाला आफ्रिकेबद्दल जरा आपलेपणा वाटायला लागला होता. मेहबूबची बायको बाळंतपणात गेली होती, लेकरूही गेलं होतं.

“मेहबूबसाठी आमची हमीदा पाह्य,” हुस्नाबी म्हणाली.

बशीरच्या हातातला पाना तसाच राहिला. “खाला, सून हाये ते तुमची. लोक सुनेले बांधून ठेवते.”

“मी काय तिले दाव्याले बांधू? जनावर हाये का ते?”

बस. तिथून गावात कुजबुज सुरू झाली. सुखीबाई तिच्या बंजारा तांड्यावरून कापूस घेऊन यायची ती अशी कुजबुजही बांधून आणायची. आजही आणली होती.

“लोक म्हनते, हुस्नाबीनं सून समुद्रात फेकली.”

“अन् तू काय म्हनते?”

सुखीबाईनं कोपरापर्यंतच्या बांगड्या वर सारल्या. “आमचे आजे-पंजे बैलाच्या पाठीवर मीठ घेऊन कुठून कुठं गेले. जिथं चूल पेटली थे गाव. आम्हाले त घर धरून बसनाऱ्याचीच कीव येते, याडी.” हुस्नाबीला ती आपल्या बोलीत ‘याडी’, म्हणजे आई, म्हणायची. मग हमीदाकडं पाहून आवाज उतरवला. “पन पोरीले इचारलं का? जातो म्हनते का ते?”

“मान खाली घालते,” हुस्नाबी म्हणाली. “लाजते.”

हमीदानं मान खालीच ठेवली. हुस्नाबीनं पुढं विचारलं नाही. खरं तर बाईच्या गप्प बसण्याचा अर्थ विचारून घ्यावा, हे त्या गावात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरीही तिनं ते टाळलं. हमीदा ‘हो’ म्हणाली तर घर रिकामं होणार होतं, ‘नाही’ म्हणाली तर हुस्नाबीला आनंद झाला असता. आणि त्या आनंदाची तिला भीती वाटत होती.

तेवढ्यात बशीर आला. निकाह येत्या जुम्म्याला ठरला होता. नवरा नसलेला निकाह. मेहबूबला एवढ्यात येता येत नव्हतं, म्हणून त्यानं बशीरला आपला वकील नेमलं होतं. त्याच्या वतीनं बशीरनं कबूल म्हणायचं. मग कागदपत्रं झाली की बोटीचं तिकीट. बशीरचं लक्ष रजईकडं गेलं. मांजराला खाली कोंडता येईल एवढी जाड होती.

“हे कोनासाठी?”

“हमीदासाठी. तिकडं थंडी राह्यते ना.”

बशीर मोठ्यानं हसला. “खाला, तिकडं बाराही महिने आपल्या फागुनासारखं राह्यते. बोटीवरच घाम फुटन पोरीले!” मग उगीच समजूत घालावी तसं म्हणाला, “अन् काळजी कायले करता? आता आपला जिल्हा मुंबई राज्यात हाये. मुंबई आपली झाली का तिथून आफ्रिका अशी पुढंच हाये.”

तो गेल्यावर हुस्नाबीनं रजई उसवायला घेतली. हमीदानं दुसरं टोक धरलं. एकीनं भरलेला कापूस दोघींनी मिळून बाहेर काढला. “पातळ गादी शिवू,” हुस्नाबी म्हणाली. “उन्हाळ्याची.” कापूस उपसताना हमीदाचे हात फार हळू चालले होते.

जुम्म्याला नमाजानंतर ओसरीवर सतरंजी टाकली. पुरुष बाहेर बसले: काझीसाहेब, बशीर, चार शेजारी. आतल्या खोलीच्या दाराला चादर बांधली होती. आत बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. मधोमध हमीदा, डोक्यावरून ओढणी पुढं ओढलेली. सगळ्यांत पुढं जैतूनबी. तिच्या घरात तिची स्वतःची पोर तीन वर्षांपासून विधवा होऊन बसली होती आणि जैतूनबी तिला उठता-बसता हुस्नाबीचा दाखला द्यायची. हुस्नाबी हमीदाच्या शेजारी बसली. बरोबर त्याच जागी, जिथं पूर्वी तिची सासू बसली होती. हे बसल्यावर तिच्या लक्षात आलं.

मशिदीत बांग देणारे म्हातारे मुअज्जन हमीदाच्या बाजूचे वकील होते. दोन साक्षीदार घेऊन ते चादरीपाशी आले, खाकरले. “हमीदाबी, शेख मेहबूब वल्द शेख दाऊद के साथ तुम्हारा निकाह पढाया जा रहा है. इजाजत है?”

हमीदा गप्प.

“लाजली, लाजली,” एक बाई म्हणाली. “राजी हाये.”

“कुंवारी लडकी होती तो चलता,” चादरीपलीकडून मुअज्जन म्हणाले. “ये बेवा है. बेवा को मुंह से बोलना पडता है. चुप रहना मतलब ना कहना.” त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं.

हमीदा गप्प.

हुस्नाबी तिच्या कानाशी वाकली. “बोल ना, बेटी.”

हमीदानं ओढणीच्या आत मान हलवली आणि पहिल्यांदाच बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “अम्मा, तुम्ही नाही का बसल्या? सारा जनम बसल्या. मीबी बसन. तुम्हाले एकटी टाकून मी कुठं जाऊ?”

जैतूनबीनं डोळ्यांना पदर लावला. “या अल्ला, काय पोर हाये! सासूचा पाठ गिरवला.” बायका हळहळल्या, कौतुकानं माना डोलावल्या. चादरीपलीकडं कुणीतरी सुस्कारा सोडला. बशीरचा असावा.

हुस्नाबीला त्या क्षणी काहीच करायचं नव्हतं. मुअज्जन तिसऱ्यांदा विचारतील, हमीदा गप्प बसेल, माणसं उठून जातील. हमीदा घरात राहील. सकाळी चुलीजवळ असेल, दुपारी गादीच्या दुसऱ्या टोकाला. म्हातारपणी तोंडात पाणी घालायला असेल. गाव दोघींचेही पाय धुऊन पाणी पिईल. हुस्नाबीनं नुसतं गप्प बसायचं होतं, तिची सासू बसली होती तसं. आणि तिला हमीदा फार हवी होती.

“तीसरी बार पूछता हूं,” मुअज्जन म्हणाले.

“थांबा,” हुस्नाबी म्हणाली. “जरासं थांबा, चाचा.”

ती हमीदाकडं वळली. हळू बोलणं शक्य होतं. पण हळू बोललं तर आपण पुरतं बोलणार नाही, हे तिला कळत होतं.

“मी नवऱ्याच्या नावानं नाही बसली, पोरी. मी चुकून बसली.”

“काय बोलून राह्यली, हुस्ना?” जैतूनबी म्हणाली.

“बोलू दे. युसूफ पाय टाकाले लागला व्हता, तवा मागनी आली. रंगूनले लाकडाच्या कारखान्यात मुकादम व्हता तो मानूस. पोराले संग नेतो म्हने, सासूलेबी पैसे धाडतो म्हने. याच खोलीत मले बसवलं. वकील आले, इचारलं. मी मान खाली घातली. पह्यल्या निकाहात तसंच केलं व्हतं ना मी! तवा बायाच म्हनल्या, लाजली, राजी हाये, अन् झालं. मले वाटलं, आताबी तसंच राह्यते. त्यायनं तीनदा इचारलं, मी तीनदा गप्प बसली. बेवेचं गप्प बसनं म्हंजे नाही म्हननं, हे मले कोनं सांगतलं व्हतं? माह्या सासूले मालूम व्हतं. बाजूलेच बसली व्हती, युसूफले मांडीवर घेऊन. ते नाही बोलली.”

हुस्नाबीनं एकदा चादरीकडं पाहिलं.

“मी तशीच वाट पाहून राह्यली. म्हटलं, आता दुवा पढतीन, आता खारका वाटतीन. त बाहेरून जोडे घालाचा आवाज आला. अन् बाया आल्या, माह्या पाया पडल्या. म्हने, अशी बाई पाह्यली नाही! आता मी कोन्या तोंडानं सांगू, का मले जायचं व्हतं म्हनून? त्या लाजंपायी गप्प बसली. मंग तसंच राह्यलं.”

हमीदानं ओढणी मागं सारली होती. “तुम्हाले जायचं व्हतं, अम्मा?”

“व्हतं.”

एवढं बोलून हुस्नाबीचा श्वास मोकळा झाला आणि डोळ्यांतून पाणी आलं. ते तिनं पुसलं नाही. “तू राह्यली त मले लय बरं वाटन, हे काही खोटं नाही सांगत मी. तुह्याबिगर हे घर मले खायाले उठन. पन ते माहं मी पाहून घेईन. तुले जायचं नसन त मोठ्यानं नाही म्हन. मी त्यायले खारका देऊन वापस धाडतो. जायचं असन त हो म्हन. फक्त गप्प बसू नको, पोरी. गप्प बसून काही करू नको.”

मग मुअज्जननी तिसऱ्यांदा विचारलं, अगदी हळू.

“हो,” हमीदा म्हणाली. आणि हळू बोललं तर मोजत नसतील या धास्तीनं पुन्हा ओरडून म्हणाली, “हो, इजाजत हाये!”

म्हातारे मुअज्जन दचकून एक पाऊल मागं सरले. बाहेर कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच हसले.

दुवा झाली, खारका वाटल्या गेल्या. जैतूनबी खारीक न घेताच उठली. दारात जोडे घालताना ती वळून म्हणाली, “झाकलेलं झाकून ठेवाचं व्हतं, हुस्ना. माह्या पोरीले आता काय सांगू मी?”

“इचार तिले,” हुस्नाबी म्हणाली. “सांगू नको.”

पुढचे दिवस काही सुखाचे गेले नाहीत. गावानं जितक्या प्रेमानं डोक्यावर घेतलं होतं तितक्याच प्रेमानं खाली ठेवलं. विहिरीवर बायका बोलता बोलता थांबायच्या. पोरं मागून ‘रंगूनवाली’ म्हणायची. पायांचं पाणी प्यायला आता कुणी सांगत नव्हतं. हुस्नाबीला वाईट वाटलं, नाही असं नाही. माणूस डोक्यावरच्या ओझ्यालाही सवयीनं आपलं म्हणतो. पण दुपारी पिंजताना तिचा हात हलका चालायचा आणि हमीदा टाके घालता घालता तिला काहीबाही विचारायची. बोटीत स्वयंपाक कोण करतं? समुद्राचं पाणी रात्री थांबतं का? हुस्नाबीला यातलं काही माहीत नव्हतं, तरी ती सगळ्याची उत्तरं द्यायची. रंगूनला जायचं ठरत होतं त्या थोड्या दिवसांत तिनंही हेच प्रश्न मनात विचारले होते, आणि उत्तरं तेव्हाच तयार करून ठेवली होती.

चैत्रात कागद आले. बशीर मुंबईपर्यंत सोडायला जाणार होता; पुढं मेहबूबच्या ओळखीचं एक कुटुंब त्याच बोटीनं निघालं होतं. सकाळी दोघी स्टँडवर आल्या. यवतमाळची मोटर उभी होती, वर सामान चढत होतं. पातळ गादीची वळकटी बशीरनं दोरीनं बांधून वर दिली. सुखीबाई तांड्यावरून चालत आली होती. तिनं हमीदाच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली, आणि स्वतःच रडू आलं म्हणून बाजूला जाऊन उभी राहिली. घर धरून बसणाऱ्यांची कीव करणारी बाई ती, पण निरोपाचं काही तिलाही जमलं नाही.

हमीदा खिडकीपाशी बसली. हुस्नाबीनं खिडकीच्या दांडीला धरलं. जे बोलायचं ते महिनोन्‌महिने बोलून झालं होतं, आणि उरलं ते बोलण्यासारखं नव्हतं.

“चपात्या खालच्या डब्यात हाये,” हुस्नाबी म्हणाली. “वरच्यात गूळ हाये.”

“हो.”

“पोहचली का खबर धाड. कोनाकडूनबी धाड.”

“हो.” मग हमीदा खिडकीतून बाहेर वाकली. “अम्मा, त्यायचं नाव काय व्हतं?”

हुस्नाबीला आधी कळलं नाही. मग कळलं. त्या दिवशी भरल्या खोलीत तिनं सगळं सांगितलं होतं, पण रंगूनच्या त्या माणसाचं नाव नव्हतं सांगितलं. हे तिनं कुणालाच, कधीच सांगितलं नव्हतं. घरात एकटी असतानाही ते तिनं तोंडातून काढलं नव्हतं. नवऱ्याचं नाव घेत नाहीत बायका; हा तर नवराही नव्हता.

“गुलाम नबी,” ती म्हणाली.

“याच स्टँडवरून गेलते का ते?”

“इथूनच गेले असतीन. स्टँड तवाबी हेच व्हतं. मी घरात व्हती. मले मोटरीचा भोंगा तेवढा ऐकू आला.”

हमीदानं तिचा दांडीवरचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि डोळ्यांना लावला. ड्रायव्हर चढला. बशीर आतून म्हणाला, “खाला, हात काढा आता, मोटर निघून राह्यली.” हुस्नाबीनं हात काढून घेतला. मोटर हलली, वळली, स्टँडाबाहेर पडली. खिडकीतून हमीदाचा हात किती तरी वेळ हलत राहिला, मग तो कोणाचा ते ओळखू येईना.

“चाल व बाई,” सुखीबाई म्हणाली. “ऊन व्हऊन राह्यलं.”

“तू चाल पुढं. मी येतो.”

हुस्नाबी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. मोटर चढावर दिसली, मग चढापलीकडं उतरली, आणि मागं धूळ तेवढी राहिली. भोंगा वाजला. हुस्नाबीनं उजवा हात वर केला आणि तसाच धरून ठेवला, एकदा हमीदासाठी, आणि मग पुन्हा तेवढाच वेळ, ज्याला पोचवायला तिला त्या वेळी घराबाहेर येता आलं नव्हतं त्याच्यासाठी.